नाटककाराची पटकथा : विजय तेंडुलकर यांच्या लेखनातील बोलणे आणि न बोलणे

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर नाट्यसंहिता आणि पटकथा या दोन लेखनप्रकारांतील भेद आपणांस उदाहरणांसह सांगता यावा, तेंडुलकरांच्या कारकिर्दीचा आलेख मांडता यावा आणि कोणतीही संहिता वाचताना कोण बोलतो याबरोबरच कोणाला बोलू दिले जात नाही, हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी, अशी अपेक्षा आहे. तिसरे उद्दिष्ट परीक्षेत सहसा थेट विचारले जात नाही; तथापि प्रस्तुत घटक लिहिण्यामागे मुख्य हेतू तोच आहे.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विजय तेंडुलकर (१९२८-२००८) यांचा परिचय आपणांस आधुनिक मराठी नाटकाच्या इतिहासात नाटककार म्हणून झालेला आहे. त्यांच्या नाटकांतील संवादांचे विवेचन विपुल झाले आहे. तुटक, अर्धवट सोडलेली वाक्ये, वाक्यांमधील टिंबे आणि रोजच्या बोलण्याच्या जवळ जाणारी लय ही वैशिष्ट्ये कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतील. परंतु धारूर, केज, वडवणी या परिसरातील आपल्यासारख्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना तेंडुलकर प्रथम भेटतात ते रंगमंचावर नव्हे. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे चित्रपट आपण घरातील दूरचित्रवाणी संचावर पाहिलेले असतात; लेखकाचे नाव मात्र श्रेयनामावलीत वाचलेले नसते. त्यामुळे तेंडुलकरांच्या पटकथालेखनाला नाट्यलेखनाची पुरवणी मानणे हे आपल्या बाबतीत तरी अन्यायाचे ठरेल.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या लेखकाची ख्याती संवादांसाठी आहे, त्याने ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ हे महत्त्वाचे हिंदी चित्रपट लिहिले, तेव्हा त्यांचे संवाद मात्र इतरांनी लिहिले. ‘निशांत’ आणि ‘आक्रोश’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमी यांचे, तर ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे आहेत. तरीही हे चित्रपट तेंडुलकरांचे आहेत हे जाणकार प्रेक्षक चटकन ओळखतो. शब्द दुसऱ्याचे असतील, तर त्यांतील तेंडुलकरांचे असे काय उरते?

जडणघडण

तेंडुलकरांच्या आयुष्याचा तपशील येथे थोडक्यात पाहू. १९४२ च्या आंदोलनाच्या काळात, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे शालेय शिक्षण सुटले. पुढे ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वृत्तपत्रांत त्यांनी काम केले. (औपचारिक शिक्षण मध्येच सुटलेला हा लेखक आज पदवी अभ्यासक्रमात शिकवला जातो, याची नोंद मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी.) पत्रकारितेचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध वरवरचा नाही. बातमीत घटना येते, नावे येतात, आकडे येतात. परंतु ज्याच्यावर घटना ओढवली, त्याचे म्हणणे अनेकदा येत नाही. ‘कमला’ हे नाटक अशाच एका वृत्तपत्रीय घटनेवरून सुचलेले आहे. एका पत्रकाराने स्त्रियांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी प्रत्यक्ष एक स्त्री विकत घेतली होती. नाटकात हा पत्रकार गाजतो, पत्रकार परिषद होते, आणि जिला विकत घेतले ती कमला मात्र त्याच्या बायकोला एवढेच विचारते की, तुला कितीला घेतले? बातमीत न मावलेला प्रश्न असा नाटकात येतो.

‘गृहस्थ’ (१९५५) या नाटकापासून त्यांचे नाट्यलेखन सुरू झाले. ‘श्रीमंत’, ‘माणूस नावाचे बेट’, ‘मधल्या भिंती’ ही नाटके मध्यमवर्गीय घराच्या आत घडतात. १९६० मध्ये विजया मेहता, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह ‘रंगायन’ ही संस्था उभी राहिली आणि तेंडुलकरांच्या प्रयोगशीलतेला हक्काची जागा मिळाली. पुढील कालखंड सर्वपरिचित आहे. १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९७० मध्ये ‘गिधाडे’चा प्रयोग, आणि १९७२ या एकाच वर्षात ‘सखाराम बाइंडर’ व ‘घाशीराम कोतवाल’ ही नाटके आली. या नाटकांवर उठलेली वादळे आपण स्वतंत्र घटकात अभ्यासणार आहोत.

त्यांतील ‘गिधाडे’ची एक हकिकत मात्र येथेच सांगणे आवश्यक आहे, कारण ती भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते. या नाटकात भावांनी केलेल्या मारहाणीमुळे बहिणीचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाचा त्या लाल डागाला आक्षेप होता. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले की, हा निळा डाग लाल समजावा. चिन्ह आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण पहिल्या वर्षी वाचले आहे. त्याचे याहून नेमके उदाहरण मला मराठी रंगभूमीवर सापडलेले नाही. डाग निळा राहिला, अर्थ मात्र लालच पोहोचला. किंबहुना बंदीमुळे तो अधिक ठळकपणे पोहोचला.

रंगमंचावरील न बोलणे

आता ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाकडे वळू. उपनगरी रेल्वेच्या प्रवासात तेंडुलकरांना एका हौशी नाट्यमंडळाचे लोक भेटले. ते विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी निघाले होते. त्या भेटीतून हे नाटक सुचले. नाटकात असेच एक मंडळ वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करते, लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते आणि पाहता पाहता तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते.

ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले आहे की, काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात. न्यायाधीशाने ‘आरोपी दोषी आहे’ असे म्हटले की आरोपी त्या क्षणी दोषी ठरतो. परंतु त्यासाठी बोलणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो. काशीकरांना असा कोणताही अधिकार नाही. ते खेळातले न्यायाधीश आहेत. तरीही त्यांच्या वाक्यांनी बेणारेचे आयुष्य खरोखर उद्ध्वस्त होते. हा अधिकार त्यांना कोणी दिला? भोवतीच्या मंडळींनी, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या समाजाने. नाटकाची भीती येथे आहे.

शेवटी आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद दिले जातात. बेणारे उभी राहते, पण बोलत नाही. मग प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे आहेत त्या जागी गोठतात आणि तिचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते. स्वगत संपते, पात्रे पुन्हा हलू लागतात आणि वेळ संपली असून आरोपीला काहीही सांगायचे नाही, असे काशीकर जाहीर करतात. ही रचना नीट लक्षात घ्या. कथेच्या पातळीवर बेणारे त्या दहा सेकंदांत एक अक्षरही बोललेली नाही. न्यायालयाच्या दप्तरी तिचे निवेदन कोरे आहे. जे काही ऐकले ते आपण, प्रेक्षकांनी, ऐकले. स्वगत ही रंगभूमीची जुनी सोय आहे. तेंडुलकरांनी तिचा उपयोग स्त्रीचे मौन ऐकू यावे यासाठी केला.

सुलभा देशपांडे यांनी बेणारेची भूमिका अजरामर केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्याचे छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. याच निहलानींनी पुढे दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो ‘आक्रोश’ (१९८०), आणि त्याची पटकथा तेंडुलकरांची होती.

पडद्यावरील न बोलणे

‘आक्रोश’मध्येही न्यायालय आहे, फरक इतकाच की हे न्यायालय खरे आहे. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. त्याला सरकारी खर्चाने मिळालेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला परोपरीने बोलते करू पाहतो आणि लहान्या बोलत नाही. त्याच्या पत्नीवर गावातील प्रतिष्ठितांनी अत्याचार केला होता, हे आपल्याला हळूहळू उलगडते. परंतु ते सांगून उपयोग काय, ऐकणारे तर त्यांचेच आहेत, हे लहान्याला ठाऊक आहे. वकिलाची सारी विद्या भाषेची आहे आणि अशिलाचे सारे शहाणपण भाषा नाकारण्यात आहे. वडिलांच्या अंत्यविधीसाठी बेड्या घालून आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून आपल्या बहिणीलाच मारतो, म्हणजे पत्नीच्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला येऊ नये. आणि मग आकाशाकडे पाहून ओरडतो. त्या ओरडण्यात शब्द नाही.

बेणारेला रंगमंचावर स्वगत मिळाले. लहान्याला पडद्यावर स्वगत नाही. याचे कारण माध्यमात आहे. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या डोळ्यांतील हालचाल दिसत नाही, म्हणून मनातले ओठांवर आणावे लागते. चित्रपटात ओम पुरी यांचा चेहरा सारा पडदा व्यापतो. तेथे शब्द आला तर तो चेहऱ्याशी स्पर्धा करतो. संवादांचा बादशहा समजल्या जाणाऱ्या लेखकाने हे ओळखून आपले सर्वांत धारदार हत्यार म्यान केले, हे माझ्या मते त्यांच्या पटकथालेखनातील सर्वांत मोठे धाडस आहे.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पटकथा म्हणजे संवादांची वही नव्हे. कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग यावा, एखादी गोष्ट प्रेक्षकाला पात्राच्या आधी कळावी की नंतर, कोणत्या प्रसंगात कोण उपस्थित असावे आणि उपस्थित असून कोण गप्प असावे, हे ठरवणे म्हणजे पटकथालेखन. ‘आक्रोश’चे संवाद दुबे यांचे आहेत, लहान्याचे मौन तेंडुलकरांचे आहे.

एक उदाहरण आपल्या परिसरातून घेऊ. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम घरी येतो, उचल देतो, आणि नवरा-बायकोची जोडी साखर कारखान्यावर जायची ठरते. आपल्याकडे या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारा हा शब्द आपण इतका सहज वापरतो की, त्यातील क्रूरता ऐकू येईनाशी झाली आहे. समजा, बाईला यंदा जायचे नाही. मुलीची शाळा सुटू नये असे तिला वाटते. हा प्रसंग नाटकात लिहायचा तर ती मुकादमापुढे बोलेल, किंवा मुकादम गेल्यावर नवऱ्याशी बोलेल, किंवा शेजारणीपाशी मन मोकळे करील. कोणत्या ना कोणत्या प्रकारे तिला बोलावे लागेल. पटकथेत हाच प्रसंग असा लिहिता येईल : ओसरीवर मुकादम नोटा मोजतो आहे. आत बाई भाकरी थापते आहे. नोटा मोजण्याचा आकडा ऐकू येतो आणि थापण्याचा आवाज थांबतो. कोपऱ्यात मुलगी वहीत काही लिहिते आहे. आकडा संपतो. थापण्याचा आवाज पुन्हा सुरू होतो. येथे बाईच्या तोंडी एकही वाक्य नाही आणि तिचे म्हणणे प्रेक्षकाला पूर्ण कळले आहे. ते ओसरीवरील पुरुषांना कळले नाही, हेही कळले आहे.

साखर कारखाना, गाव आणि सत्ता

कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर ‘सामना’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे हे आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडचे. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट स्पर्धा विभागात दाखवला गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आणि कोठून तरी गावात आलेला एक दारुडा मास्तर, निळू फुले आणि श्रीराम लागू, यांच्यातील हा सामना आहे. मास्तरकडे पैसा नाही, माणसे नाहीत, प्रतिष्ठा नाही. त्याच्याकडे केवळ एक प्रश्न आहे. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारत राहतो. प्रश्नार्थक वाक्य ही भाषिक कृती ऐकणाऱ्यावर उत्तराचे बंधन टाकते; उत्तर न देणे हेही मग उत्तर होऊन बसते. हिंदुरावाची सत्ता गावातील सर्व विधाने विकत घेऊ शकते, पण हा प्रश्न विकत घेऊ शकत नाही. संवादांच्या बाबतीत हा तेंडुलकरांच्या नाटकांच्या सर्वांत जवळचा चित्रपट होय. तरीही ज्याच्यासाठी हा सारा सामना चालला आहे तो मारुती कांबळे चालू कथाकाळात नाही; त्याच्याविषयी इतर बोलतात.

‘मंथन’ (१९७६) यासमोर ठेवून पाहावा. गुजरातेतील सहकारी दूध चळवळीवरील श्याम बेनेगल यांच्या या चित्रपटासाठी पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अवघ्या एक-दोन वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने सहकाराची ही दोन रूपे लिहिली. दोन्हींत गाव आहे, संस्था आहे, पुढारी आहे. ‘मंथन’मध्ये गावातील दलित वस्तीला मताचा अधिकार वापरायला मिळतो, म्हणजे बोलण्याची एक जागा मिळते, ‘सामना’त ती जागा उसनी, एका परक्या दारुड्याच्या तोंडची आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याने यांपैकी कोणते चित्र आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे, हे मी सांगण्याची गरज नाही.

मराठवाड्याचा धागा आणखी एका चित्रपटात आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ पासून घडलेल्या खूनसत्राने महाराष्ट्र हादरला होता. त्यावर आधारित ‘आक्रीत’ (१९८१) हा अमोल पालेकर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. त्याआधी, १९७३ च्या सुमारास, तेंडुलकरांनी नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन समाजातील हिंसेच्या स्वरूपाचा अभ्यास केला होता. ‘निशांत’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ या पटकथांमागे ती भ्रमंती उभी आहे, असे मानायला जागा आहे.

‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून, ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून आणि ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून साकारला. रूपांतराचा तपशीलवार अभ्यास येथे शक्य नाही. ‘सिंहासन’चा शेवट मात्र आठवून पाहा. दिगू टिपणीस हा पत्रकार, म्हणजे शब्दांवर जगणारा माणूस, सारे राजकारण आतून पाहिल्यावर रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. येथेही शेवटी शब्द नाही.

दूरचित्रवाणी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘सखाराम’ आणि ‘घाशीराम’चेच हे वर्ष. तेंडुलकरांनी या माध्यमासाठी तुलनेने कमी लिहिले. कन्या प्रिया तेंडुलकर यांची प्रमुख भूमिका असलेली ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका त्यांतील उल्लेखनीय.

इंग्लंडमधील त्यांचे समकालीन हॅरोल्ड पिंटर (१९३०-२००८) यांची वाटचाल याबाबतीत वेगळी आहे. तेथे दूरचित्रवाणीवर स्वतंत्र एकेक नाटके सादर करण्याची प्रथा रुजलेली होती आणि पिंटर यांची ‘अ नाइट आउट’, ‘द लव्हर’ ही नाटके १९६० च्या दशकाच्या आरंभीच घरोघरी पोहोचली. पिंटर हेही संवादांमधील विरामांसाठी प्रसिद्ध आहेत. एक रात्र, एक नाटक, अशा सादरीकरणात विराम टिकतो. आपल्याकडे मात्र भागांची मालिका हा प्रकार स्थिरावला. मालिकेचा प्रेक्षक अनेकदा पाहत नसतो. तो, किंवा ती, स्वयंपाक करता करता ऐकत असते. म्हणून मालिकेतील पात्रे दिसत असलेली गोष्टही बोलून दाखवतात आणि मागील आठवड्यातील घटना एकमेकांना पुन्हा सांगतात. अशा ठिकाणी थापण्याचा आवाज थांबल्याचे कोणाला कळणार? मौन लिहिणाऱ्या लेखकासाठी हे माध्यम अवघड होते, असे माझे मत आहे. आपणांस ते मान्य नसल्यास आपल्या आवडीच्या मालिकेचा एक भाग आवाज पूर्ण बंद करून पाहावा आणि कथा किती कळली ते लिहून काढावे.

१९८४ मध्ये पद्मभूषण आणि ‘कन्यादान’ या नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान हे तेंडुलकरांना लाभलेले दोन प्रमुख गौरव. १९ मे २००८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय

(अ) ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेचे स्वगत आणि ‘आक्रोश’मधील लहान्याचे मौन यांची तुलना माध्यमभेदाच्या आधारे करा.

(आ) मुकादम आणि उचल यांचा वर दिलेला प्रसंग प्रथम संवादरूपाने, नाटकाच्या संहितेप्रमाणे, सुमारे एका पानात लिहा. ज्या विद्यार्थ्यांच्या घरून कोणी ऊसतोडीला जाते, त्यांनी तो घरातील बाईमाणसाला वाचून दाखवावा, ती जेथे थांबवील तेथे खूण करावी आणि मगच दुसरा खर्डा लिहावा. संपर्कसत्राला येताना दोन्ही खर्डे बरोबर आणावेत.